घ चा ध

मागच्या संक्रांतीला आमच्या मुलाने साताऱ्याच्या आजीसाठी एक कार्ड तयार केलं. वर दोन पतंग, बाजूला तिळगुळाची वाटी आणि खाली पेन्सिलीने खोडून खोडून लिहिलेली एक ओळ: 'आजी मला तुझ्या धरी यायचं आहे.' घरी नव्हे, धरी.

हे कार्ड त्याने आमच्या रविवारच्या मराठी शाळेत केलं. मी तिथे शिकवते. वर्ग सुटल्यावर आम्ही चारपाच आया कॉफीचे कप घेऊन उभ्या होतो. कार्ड माझ्या हातात होतं. मी ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, "पेशव्यांच्या काळात ध चा मा झाला होता, आमच्याकडे घ चा ध झालाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. विनोद जमला म्हणून जरा जास्तच हसले.

इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगते. १७७३ साली पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकुमातल्या 'धरावे' या शब्दातल्या ध चा मा करून आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आहे. एका अक्षराने केवढा अनर्थ होतो हे सांगायला आपण ती अजून वापरतो.

मागे वळून पाहिलं तर मुलगा दारात उभा होता, एका हातात जॅकेट, दुसऱ्या हातात चकलीची प्लेट. नऊ वर्षांच्या मुलाला नारायणराव कोण ते ठाऊक नसतं. आपली आई कशाला हसते आहे ते मात्र बरोबर कळतं. गाडीत तो एवढंच म्हणाला, "आय ॲम नॉट गोइंग देअर एनीमोर." आणि खरोखरच पुढच्या रविवारी तो गाडीत बसला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मराठी शाळेच्या बाईंचा मुलगा मराठी शाळेत येत नाही, याहून मोठी नामुष्की कोणती? मी समजावलं, रागावले, आयपॅड काढून घेतला. नवरा म्हणाला, "अगं, थोडे दिवस सोडून दे ना." मला सोडता येईना. त्याचं कारण मुलापेक्षा माझ्यात जास्त होतं, हे आज कबूल करते. लग्नाआधी आणि नंतरची तीन वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. एम. ए. केलं, ते नोकरी सांभाळून. मग इथे आले ती एच-फोरवर. ज्यांनी ती वर्षं काढली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. बँकेच्या फॉर्मवर 'ऑक्युपेशन' या रकान्यापाशी पेन थांबायचं. रविवारचे ते दोन तास सोडले तर मला 'बाई' म्हणणारं इथे कोणी नव्हतं. त्या दोन तासांत माझ्याच मुलाने मला खोटं पाडलं, असं मला वाटत होतं. खरं तर पहिली चूक माझी होती. हे समजायला मला एक जुना कॉम्प्युटर लागला.

आम्ही रेंटनमध्ये राहतो, सिॲटलच्या दक्षिणेला. आमच्या रस्त्यावर एक अमेरिकन आजोबा राहायचे. मे महिन्यात ते मुलीकडे ॲरिझोनाला कायमचे जाणार म्हणून त्यांनी ड्राइव्हवेवर गराज सेल मांडला. कुंड्या, शिडी, काचेची भांडी, आणि त्यांच्यामध्ये एक पिवळट पडलेला ॲपल टू-ई. म्हणजे १९८३ साली बाजारात आलेलं मॉडेल. हिरव्या अक्षरांचा मॉनिटर, फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, जॉयस्टिक आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या मोठ्या, लवचिक फ्लॉप्या. मुलगा तिथून हलेना. आजोबांनी गराजमधल्या प्लगला कॉम्प्युटर लावला, एक फ्लॉपी आत सरकवली. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर विटा, शिड्या आणि एक इवलासा माणूस उभा राहिला.

"हा गेम इथलाच," आजोबा म्हणाले. "रेंटनच्या मुलाने लिहिलेला." चाळीस डॉलरला सगळं घरी आलं. कोऱ्या फ्लॉप्या त्यांनी वर दिल्या.

गेमचं नाव 'लोड रनर'.

नवऱ्याला लगेच शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवली. आमच्या पिढीला ती आठवतेच. बाहेर चपला काढायच्या, आत ए.सी.चा गारवा, एका कॉम्प्युटरवर दोघंतिघं आणि सर बाहेर गेले की 'डेव्ह'. लाल टोपीचा डेव्ह उड्या मारत कप घ्यायचा आणि दारातून पुढच्या लेव्हलला जायचा. माझ्या शाळेतही डेव्ह होता, पण कीबोर्ड मुलांकडे असायचा. आम्ही मुली मागे उभ्या राहून बघायचो, नाहीतर वहीत 'इनपुट डिव्हाइस' आणि 'आउटपुट डिव्हाइस' यांच्या आकृत्या काढायचो. मी आयुष्यात एकही कॉम्प्युटर गेम खेळले नव्हते. सदतिसाव्या वर्षी पहिला खेळले, तो हा. दुपारी घर रिकामं असताना, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

खेळ सोपा आहे. पडद्यावर विटांचे मजले, त्यांना जोडणाऱ्या शिड्या आणि काही ठिकाणी आडव्या दोऱ्या. आपला गडी शिडी चढतो, दोरीला लटकून हातांवर हात टाकत पुढे सरकतो आणि सोनं गोळा करतो. मागे पहारेकरी लागलेले असतात. आपल्याकडे शस्त्र असं काही नाही. फक्त डावीकडची किंवा उजवीकडची वीट खणून खड्डा करता येतो. स्वतःच्या पायाखालची वीट खणता येत नाही. पहारेकरी खड्ड्यात पडला की त्याच्या डोक्यावरून पळायचं. थोड्या वेळाने खड्डा आपोआप बुजतो, आणि आपण आत असलो तर आपणही बुजतो. सगळं सोनं गोळा झालं की एक नवी शिडी उगवते. तिच्यावरून पडद्याच्या वरच्या टोकाला पोचलं की सुटका.

दोन गोष्टींचं मला नवल वाटलं. या गड्याला उडी मारता येत नाही. आणि तो कितीही उंचावरून पडला तरी मरत नाही. पडतो, उभा राहतो, चालू लागतो.

आजोबांच्या बोलण्यावरून कुतूहल वाटलं म्हणून मी लायब्ररीतून पुस्तकं आणली, नवऱ्यालाही कामाला लावलं. आपण इतकी वर्षं ज्या भागात राहतोय, रोज ज्या रस्त्याने कॉस्कोला जातोय, तिथली ही गोष्ट आपल्याला ठाऊकच नव्हती. रेंटनला लागून टकविला आहे, साउथसेंटर मॉलवाला. १९८१ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीचं अमेरिकेतलं गोदाम तिथे होतं. 'रेडार स्कोप' नावाच्या आर्केड गेमच्या सुमारे दोन हजार पेट्या न खपता तिथे पडून होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून जपानमध्ये नवा गेम तयार केला गेला आणि त्याचे भाग याच गोदामात त्या पेट्यांमध्ये बसवले गेले. तो 'डाँकी काँग'. त्यातल्या शिड्या चढणाऱ्या सुताराला पुढे 'मारिओ' हे नाव मिळालं, तेही त्या गोदामाच्या मालकाचं, मारिओ सिगालीचं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९८० साली, 'स्पेस पॅनिक' नावाचा आणखी एक जपानी आर्केड गेम आला होता. त्यात शिड्या होत्या, उडी नव्हती आणि मजल्यात खड्डे खणून शत्रूला पाडायचं होतं. नाणी टाकून खेळायच्या या खेळांची हवा तेव्हा सगळीकडे होती. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर अशाच धर्तीचा एक गेम लिहिला. चित्रं नाहीत, सगळं अक्षरं आणि चिन्हं वापरून. त्याचं नाव 'काँग', त्यावरूनच कशाची छाया होती ते समजतं. डग स्मिथ हा रेंटनचा मुलगा तिथे आर्किटेक्चर शिकत होता. असं सांगतात की त्याच्या भाच्याला तो गेम फार आवडला आणि घरी खेळता यावा म्हणून त्याने मामाकडे हट्ट धरला. मामाने १९८२ साली ॲपल टू-प्लसवर तो नव्याने लिहिला. एका कंपनीला पाठवला, तर एका ओळीचं नकारपत्र आलं. मग त्याने पैसे उसने घेऊन रंगीत मॉनिटर आणि जॉयस्टिक आणली, गेम सुधारला आणि चार कंपन्यांना पाठवला. चौघींनी होकार दिला. आधी नाही म्हणणाऱ्या ब्रॉडरबंडनेच १९८३ साली तो बाजारात आणला, दीडशे लेव्हल्ससह. पुढच्याच वर्षी जपानच्या आयरेम कंपनीने त्याचा आर्केड गेम केला. आर्केडमधून घरात आलेला खेळ घरातून परत आर्केडमध्ये गेला.

पण माझ्यातल्या शिक्षिकेला भावली ती वेगळीच गोष्ट. या गेमबरोबर डग स्मिथने लेव्हल तयार करायचं साधनही त्याच फ्लॉपीवर देऊन टाकलं होतं. कंट्रोल आणि ई दाबलं की काळा, रिकामा पडदा येतो. आडव्या अठ्ठावीस आणि उभ्या सोळा घरांचा. एक दाबलं की वीट, तीन दाबलं की शिडी, चार दाबलं की दोरी, सात दाबलं की सोनं. लेव्हल मांडा, फ्लॉपीवर साठवा आणि खेळा. मूळच्या दीडशेतल्या काही लेव्हल्सही डग स्मिथच्या शेजारपाजारच्या पोरांनी तयार केलेल्या आहेत म्हणे. दिवाळीत आपण किल्ला करायचो तसंच हे. विकतचा किल्ला कितीही सुबक असला तरी मुलं त्याभोवती किती वेळ रमतील? चिखलात हात घालून केलेल्या वाकड्या बुरुजापाशी मात्र पोरं रात्रीपर्यंत बसतात.

मुलाला त्या पडद्याचं वेडच लागलं. जून महिना सगळा त्यातच गेला. एक दिवस तो स्वतःच्या नावातलं इंग्रजी अक्षर मांडत होता आणि वैतागत होता. "इट डझंट वर्क. रनर वर जाऊच शकत नाही." मी भाजी निवडत होते. मनात बरंच काही आलं, पण बाई होऊन काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पाठकोऱ्या पाकिटावर एक मोठा म काढला आणि ते पाकीट कीबोर्डशेजारी ठेवलं. फक्त म्हटलं, "आपली अक्षरं दोरीला लटकलेली असतात."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर म होता. वरची शिरोरेषा म्हणजे दोरी. उजवीकडचा उभा दंड म्हणजे शिडी. डावीकडची गाठ आणि मधली आडवी रेघ विटांची, आणि गाठीच्या पोटात सोनं. गडी डावीकडून दोरीला लटकत निघाला, शिडीवरून उतरला, विटांवरून मागे आला, सोनं घेतलं. मी काही बोलले नाही. पाकिटाच्या दुसऱ्या बाजूला भ काढला.

भ मांडताना तो थांबला. म आणि भ तसे भाऊभाऊच, पण भ ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. त्याने दोरी सुरू केली, मध्ये तीन घरं मोकळी सोडली आणि पुढे परत दोरी लावली. गडी लटकत निघाला आणि मोकळ्या जागी येताच धप्पकन खाली, भ च्या गाठीत. मुलगा हसायला लागला. "देअर इज अ गॅप! आई, भ मध्ये तो पडतो!"

संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते. त्याने हाक मारली नाही, म्हणून मीच जाऊन पाहिलं. त्याने आपणहून दोन लेव्हल्स तयार केल्या होत्या. पहिली घ ची, सलग दोरीची. दुसरी ध ची, तुटलेल्या दोरीची. तो एकीतून दुसरीत जात होता आणि ध मध्ये पुन्हापुन्हा पडत होता. आता हसत नव्हता. पडद्याकडे बघतच त्याने विचारलं, "म्हणून तू हसलीस का?"

हे त्याने मराठीत विचारलं. सहा महिन्यांत त्याने मला मराठीत विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

मी खाली बसले. म्हटलं, "हो. पण हसायला नको होतं. माझं चुकलं." पंधरा वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला मी हे म्हटलेलं मला आठवत नाही. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "इट्स अ टायनी गॅप, आई. इट्स रिअली टायनी." खरंच आहे. शेकडो मुलांच्या वह्यांत मी घ आणि ध भोवती लाल गोल केले असतील. 'नीट बघ' असं लिहिलं असेल. काय नीट बघायचं, ते कधी दाखवलं होतं का? रेघ सलग असली तर पलीकडे जाता येतं, तुटली असली तर पडतो. एवढीच तर गोष्ट होती. ती त्याची त्याने शोधली, म्हणून पक्की बसली. त्यानंतर त्याचा घ चा ध झालेला नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. जमिनीवर चिंचोके मांडून त्यांनी आम्हाला मुळाक्षरं शिकवली. रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलाने त्यांना पडदा दाखवला. आण्णा चष्मा वर-खाली करत बघत राहिले. मग त्यांच्यातले गुरुजी जागे झाले. "बाळा, अक्षर छान आलंय. पण शिरोरेषा आधी नसते काढायची. अक्षर पुरं झालं की शेवटी द्यायची."

"पण आजोबा," हा म्हणाला, "आधी दोरी नाही लावली तर तो पकडणार काय?"

चाळीस वर्षं शिरोरेषा शेवटी द्यायला शिकवलेले आण्णा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हे बरोबर आहे तुझं."

सप्टेंबरमध्ये मराठी शाळा सुरू झाली तेव्हा मी मुलांना बाराखडीचे छापील कागद दिले नाहीत. चौकटीचे कागद दिले, अठ्ठावीस बाय सोळाचे. आपापलं अक्षर घ्या, शिडी कुठे, दोरी कुठे, सोनं कुठे ते ठरवा, असं सांगितलं. एका मुलीने ळ घेतला आणि दोन आठवडे सोडला नाही. दोन बाजूंची दोन वेटोळी, पहारेकरी एकदा आत शिरले की बाहेर येत नाहीत. थ मध्येही दोरी तुटते हे एका मुलाने मला वर्गात उठून सांगितलं. पहिल्या रविवारी आमचा मुलगा आला, पण विद्यार्थी म्हणून नव्हे. "ॲपल जड आहे, मी उचलायला येतो," असं म्हणाला. मॉनिटर टेबलावर ठेवून तो कोपऱ्यात उभा राहिला. कागदावरची लेव्हल पडद्यावर कशी मांडायची ते दाखवायला कोणीतरी हवंच होतं. आता तो दर रविवारी येतो. कोणत्या नात्याने येतो ते मी विचारत नाही.

सगळं छान झालं असं म्हणणार नाही. मित्र घरी आले की तो अजून माझ्याशी इंग्रजीतच बोलतो. 'माझं पाणी' आणि 'माझा पाणी' यांत त्याला काही फरक वाटत नाही. त्या फ्लॉप्यांचं वयही आता चाळिशीच्या पुढे आहे. मागच्या महिन्यात एक वाचली गेली नाही, आणि तिच्याबरोबर क पासून ङ पर्यंतची सगळी अक्षरं गेली. तो रडेल असं मला वाटलं. त्याने दुसरी फ्लॉपी घातली आणि परत क पासून सुरुवात केली.

यंदा दिवाळीसाठी त्याने आजीला नवं कार्ड केलं आहे. किल्ल्याचं चित्र आणि खाली ओळ: 'आजी मला तुझ्या घरी यायचं आहे.' शिरोरेषा पहिल्यांदा काढली आहे, पट्टीने, जाड. डिसेंबरची तिकिटं झाली आहेत, म्हणून या वेळी ती नुसती इच्छा नाही.

परवा फोनवर आईला ही सगळी हकीकत सांगितली. तिला विचारलं, "संक्रांतीच्या कार्डावर 'धरी' लिहिलं होतं, तुला हसू नाही आलं?"

आई म्हणाली, "हसू कशाला येईल? काय म्हणतोय ते कळलं की मला."

ते कार्ड तिने देवघराशेजारच्या भिंतीला लावलं आहे. नवं आलं तरी काढणार नाही म्हणते.